फोटो गेला की तक्रार बंद

"ताई, स्कूटर जरा मागे घ्या, फोटोत येतेय."

आज सकाळी गल्लीतलं तुंबलेलं गटार साफ करायला माणसं आली. काम उरकल्यावर मुकादमाने मोबाइल काढला, माझ्या कालच्या फोटोशी अँगल जुळवला आणि पटापट फोटो काढले. उपसलेल्या गाळाचा ढीग मात्र फ्रेमच्या बरोबर बाहेर, शेजारच्यांच्या दारात.

"आणि हा?"

"तो गाडी नेईल नंतर. फोटो गेला की तक्रार बंद."

खोटं कशाला बोलू, मला बरंच वाटलं होतं. रात्री एक्सवर टाकलं, लगेच उत्तर, सकाळी माणसं हजर! पण तळमजल्यावरच्या काकू हेच गटार पावसाआधीपासून ऑफिसात जाऊन सांगत होत्या. त्यांच्या अर्जाला पोच मिळाली, शिक्क्यासकट. बस्स.

मुंबई पोलीस डिसेंबर २०१५ मध्ये ट्विटरवर आले, तेव्हापासून त्यांच्या कोट्या आपण हौसेने फॉरवर्ड करतो. (त्या वाचून हेल्मेट किती जणांनी घातलं, तो भाग वेगळा.) पावसाळ्यात ४.५ मीटरच्या वरची भरती कधी, हेही महापालिकेच्या पोस्टमुळे घरबसल्या कळतं. उपयोग आहेच, नाही कोण म्हणतंय?

पण चारचौघांत बोंब ठोकली की धावायचं आणि कागद आला की फायलीला लावायचा, हे काही पटत नाही. काकूंनी आता काय करायचं, नातवाकडून अकाउंट उघडून घ्यायचं?