'आयएनआर पाहत राहावे' याला किती मार्क?

फार्म.डी.च्या (औषधनिर्माणशास्त्राचा डॉक्टरेट अभ्यासक्रम) मुलांना आम्ही सोप (SOAP) नोट, म्हणजे रुग्णाची चार भागांतली नोंद, लिहायला देतो. रुग्णाची तक्रार, तपासण्या, त्यावरून निष्कर्ष आणि पुढची योजना. पहिले दोन भाग तपासताना कुणाचं कुणाशी बिनसत नाही. वाजतं ते योजनेवर.

यंदाची केस अशी: एट्रियल फिब्रिलेशनचे (हृदयाचे ठोके अनियमित पडण्याचा आजार) आजोबा, रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन चालू, त्यात दाताच्या इन्फेक्शनसाठी मेट्रोनिडाझोल हे अँटिबायोटिक सुरू झालेलं. त्यामुळे यकृतात वॉरफरिनचं विघटन मंदावतं, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप) चढतो, रक्तस्रावाची भीती. हे बहुतेकांना आलं. एका मुलीने मात्र योजनेत एवढंच लिहिलं, 'आयएनआर पाहत राहावे.' फार्माकॉलॉजीच्या मॅडमनी पाचपैकी चार दिले, दोन औषधांमधली इंटरॅक्शन ओळखली म्हणून. वॉर्डात राउंड घेणाऱ्या सरांनी दीड. "कधी पाहायचा? किती आला तर काय करायचं? डॉक्टर विचारतील ना, 'बरं, मग?'"

मी सरांच्या बाजूने. पण रुब्रिकमध्ये, म्हणजे मार्क देण्याच्या निकषांच्या तक्त्यात, 'योग्य देखरेख सुचवली' एवढंच होतं आणि दोघंही त्याच ओळीवर बोट ठेवून भांडत होते. (१९१२ मध्ये अमेरिकेत स्टार्च आणि इलियट यांनी एकच इंग्रजीचा पेपर शंभरावर शिक्षकांकडून तपासून घेतला, तेव्हा तो काहींनी पास केला, काहींनी नापास. म्हणजे हे दुखणं जुनंच.)

आता गठ्ठा वाटण्याआधी त्यातले थोडे पेपर नावं झाकून आम्ही तिघंही वेगवेगळे तपासतो. एका मार्कापेक्षा जास्त फरक पडला की तिथेच वाद घालतो, आणि जे ठरेल ते मुलांच्याच वाक्यांसकट रुब्रिकमध्ये टाकतो. नुसती इंटरॅक्शन ओळखली तर दोन. तीन ते पाच दिवसांत आयएनआर, लक्ष्य २ ते ३, रक्तस्रावाची लक्षणं घरच्यांना समजावणं, हे सगळं असेल तर पाच. वॉरफरिनचा डोस आधीच कमी करावा की आयएनआर येईपर्यंत थांबावं, यात दोन्ही उत्तरं चालतील. कारण मात्र लिहिलेलं हवं. शिवाय सगळ्यांची योजना एकाच माणसाने तपासायची. तो कडक असला तर सगळ्यांनाच कडक.

एक गोष्ट अजून मिटलेली नाही. एका मुलाची नोट सुरेख, पण दातदुखीवर त्याने याच आजोबांना आयब्युप्रोफेन सुचवलं, जे वॉरफरिनसोबत रक्तस्रावाचा धोका वाढवतं. सर म्हणतात शून्य. मॅडम म्हणतात, तेवढाच मुद्दा कापा. माझं मत, अशा चुकीला योजनेचे निम्म्याहून जास्त मार्क मिळू नयेत. सध्या रुब्रिकमध्ये माझंच मत आहे, कारण फाइल माझ्या कॉम्प्युटरवर आहे.