डिस्को बेस, नोंद तिसरी: १२० मिलिसेकंदांची गंमत

गेल्या नोंदीत माझ्या डिस्को ट्रॅकची बेसलाइन (खालच्या सुरांची धून) मेल्यासारखी वाटते अशी कुरकुर केली होती. नोट्स बरोबर, सॉ वेव्ह (सिंथेसायझरची करवती ध्वनिलहर) बरोबर, फिल्टरही ठीक, तरी ऐकताना जुन्या मोबाइलची रिंगटोन आठवायची.

शेवटी मुळाशी गेलो. डॉना समरचं ‘आय फील लव्ह’, १९७७, म्युनिक. जॉर्जिओ मोरोडर आणि पीट बेलॉट यांची निर्मिती, बहुतेक सगळं मूग मॉड्युलर या सिंथेसायझरवर. हेडफोनचा आधी एकच कान ऐकला, मग दुसरा. एका बाजूला मूळ बेस, दुसऱ्या बाजूला तोच, किंचित उशिरा! मी गाढवासारखा सोळाव्यातली (ठोक्याला चार) प्रत्येक नोट हाताने टाकत बसलो होतो.

माझा ट्रॅक १२५ बीपीएमचा, म्हणजे मिनिटाला १२५ ठोके. एक ठोका ४८० मिलिसेकंद, त्याचा चौथा हिस्सा १२०. आठव्याच्या (ठोक्याला दोन) नोट्स डावीकडे, १२० मिलिसेकंदांचा डिले, म्हणजे त्यांचीच उशिरा येणारी नक्कल, उजवीकडे. फीडबॅक शून्य, म्हणजे नक्कल एकदाच. प्ले दाबलं आणि एकटाच हसलो.

फोनच्या स्पीकरवर मात्र गिचमिड. मोनोत दोन्ही बाजू एक होतात आणि माझी २४० मिलिसेकंदांची लांबलचक नोट स्वतःच्याच डिलेवर चढून बसत होती. लांबी १०० वर आणली, मोकळं झालं. शिवाय बेसमधलं १०० हर्ट्झखालचं, अगदी खर्जातलं सगळं कापून तिथे साधी साइन वेव्ह मधोमध ठेवली.

किकचा, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमच्या ठोक्याचा, शोध माझा नाही. मामेभाऊ ढोल-पथकात ताशा वाजवतो. त्याने दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाला, “दादा, बाकी मशीन चालेल, पण ठोका तरी माणसाचा घे.” गंमत म्हणजे त्या गाण्यातही तसंच आहे. मूगमधून हवी तशी दणकट किक निघेना, म्हणून ड्रमर कीथ फोर्सीने ती पायाने वाजवली. मग मीही क्वांटाइझ (ठोके आपोआप तालात बसवणारी सोय) बंद करून पॅडवर बोटाने चार मिनिटं किक वाजवली. मनगट दुखतंय, पण बेस आता तिच्याभोवती फिरल्यासारखा वाटतो.

मूग तापला की सूर सोडायचा, त्यामुळे मोरोडरच्या मंडळींना थोडं-थोडं करून रेकॉर्ड करावं लागे. मी उलट ऑसिलेटरला (सूर निर्माण करणाऱ्या भागाला) मुद्दाम ३-४ सेंटचं भरकटणं दिलंय; सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग. जास्त दिलं की दारू प्यायल्यासारखं होतं, करून पाहिलंय.

हाय-हॅट (ड्रममधल्या झांजांचा आवाज) अजून सॅम्पलचाच, म्हणजे तयार रेकॉर्डिंगचाच आहे. पुढच्या रविवारी तो काढून व्हाइट नॉइजमधून, म्हणजे नुसत्या खरखरीतून, घडवायला बसणार.