सहा, दोन, दहा

हर्णैजवळच्या एका वाडीत मी रुग्णाला बघायला, गोळ्या दिल्यापासून नवव्या दिवशी परत गेले, तेव्हा ते, आबा, कुशीवर वळू देत नव्हते. चादरीला हात लावला तरी दात आवळायचे. प्रोस्टेटचा कर्करोग मणक्यात आणि खुब्यात पसरलेला. मोजून दिलेल्या मॉर्फिनने, म्हणजे दुखणं शमवणाऱ्या औषधाने, एवढ्यात आराम पडायला हवा होता. घरातली माणसं मात्र शपथेवर सांगत होती, गोळ्या वेळच्या वेळी देतोय.

मॉर्फिनची साधी गोळी चार तासच काम करते. म्हणून 10 मिलिग्रॅमची एकेक सकाळी 6, 10, दुपारी 2 आणि संध्याकाळी 6 ला, आणि रात्री 10 ला एकदम दोन, म्हणजे मध्यरात्री उठवावं लागत नाही. दिवसाच्या 6, पंधरवड्याच्या 84. मध्येच कळ उठली तर ज्यादा द्यायला आणखी 10. अशा 94 मोजून दिल्या होत्या. शिवाय रोज रात्री पोट साफ होण्याची गोळी, कारण मॉर्फिनने पोट हमखास बांधतं.

नात दहा वर्षांची, चौथीतली. तीच वही घेऊन आली. डावीकडे तारीख आणि तिथी, मग भरतीची वेळ, मग गोळी. आबा जन्मभर तांडेल, बोट चालवणारे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण निघते, म्हणून त्यांनी अंथरुणातूनच तिच्याकडून पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, पाठ करून घेतली होती. "आज षष्ठी. सहा पाऊण साडेचार," ती मला म्हणाली. गोळीच्या रकान्यात रोज तीनच आकडे होते: 6, 2, 10. आठ दिवस हेच, आणि त्या सकाळची 6. म्हणजे 25 गोळ्या. लागायला हव्या होत्या 49. पाकिटं मोजली तर 69 शिल्लक.

सून खाली मान घालून उभी राहिली. पुरवून वापरा, असं आबांनीच सांगितलं होतं. मासेमारीची बंदी 1 जून ते 31 जुलै. मुलगा दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी, हिश्श्यावर. बोट किनाऱ्यावर म्हणजे हिस्सा नाही, आणि मालकाकडून घेतलेली उचल जूनमध्येच संपलेली. सून लिलावात मासळी घेऊन दारोदार विकायची. आता उन्हाळ्यात वाळवलेल्या बोंबील-जवळ्यावर घर चाललेलं. गोळ्या फुकट मिळतात, पण त्या आणायला जायचं तर एसटीचं भाडं आणि एका दिवसाची मजुरी जाते. आबांनी तो हिशोब केला आणि दुखणं स्वतःकडे ठेवून घेतलं. अशा घरांत मी हे पुष्कळदा पाहिलंय. रुग्ण "बरं आहे" म्हणतो तेव्हा त्या शब्दावर विसंबू नये, गोळ्या मोजाव्यात.

डॉक्टरांना फोन लावला. पहिलाच डोस पुन्हा सुरू करा, म्हणाले. सकाळी दहा वाजताची गोळी दिली, अर्धा तास थांबलो आणि मगच कूस बदलली. पुढच्या खेपेच्या गोळ्या मीच आणीन, असं आबांना सांगितलं. तेव्हा कुठे त्यांनी दोनची गोळी न कुरकुरता घेतली.

नात ओटीवर जाऊन बसली होती. तिला वाटत होतं, वहीमुळे आईला बोलणी बसली. आणखी एक गोष्ट तिने उशिरा सांगितली: आदल्या दिवशी तिने आबांना पाणी पाजलं, त्यांना ठसका लागला, तेव्हापासून आबा जास्त आजारी झाले. मुलं हे मनात धरून बसतात आणि कोणाला विचारत नाहीत. माझ्यामुळे झालं का, मलाही होईल का, आणि मग माझं कोण करणार. तिन्हींची उत्तरं न विचारताच द्यावी लागतात. दिली. ठसका का लागतो तेही दाखवलं: उताण्या माणसाच्या तोंडात पाणी ओतलं की ते श्वासाच्या वाटेला जातं.

मग तिला काम दिलं. लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात एक चमचा खायचा सोडा आणि अर्धा चमचा मीठ, रोज ताजं. त्यात मऊ कापड भिजवून घट्ट पिळायचं आणि ओठ, हिरड्या, जीभ हलक्या हाताने पुसायची. जागेपणी दर दोन तासांनी. गोळ्यांचा डबा मात्र माळ्यावर. गोळी द्यायची आईने, लिहायचं हिने. मॉर्फिन मुलांच्या हाती लागता कामा नये, कितीही शहाणी असली तरी.

तिला विरारला आत्याकडे पाठवायचं चाललं होतं. एक तोंड कमी आणि तिला बघायला नको, दोन्ही कारणं खरी होती. मी पाठवू नका म्हटलं. नंतर तिला "आबा झोपले" किंवा "गावाला गेले" असं सांगू नका, हेही सांगितलं. अशी पोरं पुढे झोपायला घाबरतात, नाहीतर वाट बघत राहतात. "वारले" हाच शब्द वापरा.

पाच दिवसांनी गिळणं थांबत आलं. गोळी चुरून थेंबभर पाण्यात गालाच्या आत ठेवायला सांगितली. साधी गोळी चालते, लांबणीची, म्हणजे हळूहळू औषध सोडणारी, कधी चुरायची नाही. घशात घरघर सुरू झाली तेव्हा तिला आधीच माहीत होतं की ही घरघर ऐकणाऱ्याला जास्त टोचते, कुशीवर वळवलं की कमी होते, आणि श्वास मध्येच थांबून परत येईल, शेवटी येणार नाही. रात्रभर ती उशाशी कापड पिळत होती, पाऊणकी म्हणत होती. पहाटे सहाच्या आत आबा वारले.

उरलेलं मॉर्फिन मोजून परत घ्यावं लागतं. तेराव्यानंतर गेले तेव्हा तिने आधीच बेरीज मांडून ठेवली होती. आधीच्या 25, त्या दिवसाच्या 5, पुढचे पाच दिवस 30, ज्यादा 3. एकूण 63. पाकिटं आम्ही दोघींनी मिळून मोजली. 31 भरल्या.