आमची वाटचाल : चिऱ्याची विहीर ते २० मीटर

आमच्या पोहण्याच्या तलावाची लांबी २० मीटर आहे, स्पर्धेच्या तलावासारखी २५ नाही. हे आधीच सांगते, कारण पंचक्रोशीत आम्हाला जे टोमणे मारले गेले त्यातला हा पहिला. पतपेढीचं कर्ज आणि बाबांच्या कलमांचे तीन हंगाम, एवढ्यात तितकंच खणून झालं.

सुरुवात विहिरीतली. दापोलीहून हर्णैकडे उतरताना आमची बाग लागते, तिथली चिऱ्याची, पायऱ्यांची विहीर. १९९८ च्या एप्रिलात मी आणि माझ्या मामेभावाने सात पोरं घेऊन पोहण्याचा वर्ग काढला. पोरांच्या पाठीला वाळका भोपळा, कमरेला काथ्या, काथ्याचं दुसरं टोक माझ्या हातात. भाऊ पाण्यात, मी काठावर. मेच्या शेवटी पाणी तळाला जायचं आणि वर्ग आपोआप सुटायचा. बारा-तेरा वर्षं अशीच गेली. २०११ ला तलाव झाला.

आदल्याच वर्षी आशियाई स्पर्धेत वीरधवल खाडेने ५० मीटर बटरफ्लायमध्ये कांस्य आणलं होतं. त्यामुळे तलावाच्या पहिल्याच आठवड्यात एका पाच वर्षांच्या मुलाचे वडील म्हणाले, "मॅडम, थेट बटरफ्लायच घ्या." मुलगा तेव्हा माझ्या ओढणीला लोंबकळून रडत होता.

लेनचे तयार दोर परवडत नव्हते. हर्णै बंदरातून जुन्या जाळ्यांचे बोये आणले, नायलॉनच्या दोरीत ओवले आणि दोन्ही टोकांचे पाच-पाच मीटर लाल रंगवले. भिंतीपासून पाच मीटरवर पताका बांधल्या. उताणं पोहणाऱ्या पोराला भिंत दिसत नाही; पताका डोक्यावरून गेली की हात मोजायचे. कोणाला चार लागतात, कोणाला सात. प्रत्येकाचा आकडा मी वहीत लिहून ठेवते, आणि उंची वाढली की पुन्हा मोजते. किकबोर्ड, म्हणजे हातात धरून पाय मारायला शिकायच्या फळ्या, पहिल्या वर्षी थर्माकोलचे कापले होते. त्याचे मणी सुटून पंपाच्या गाळणीत तुंबले आणि मोटर जळता जळता वाचली. मग फोमचे आणले. त्यातले चार अजून आहेत, कडा पोरांनी दातांनी कुरतडलेल्या.

क्लोरीन मी सूर्य बुडाल्यावर टाकते, उन्हात ते उडून जातं. सकाळी पाण्याच्या नमुन्यात ओटीचे, म्हणजे क्लोरीन तपासायच्या औषधाचे, थेंब टाकून पिवळेपणा बघायचा आणि मगच शिट्टी. डोळे लाल झाले की पालक म्हणतात, क्लोरीन जास्त झालं. बहुतेकदा तसं नसतं. पोरं अंघोळ न करता उतरतात, घाम आणि शू पाण्यात जाते, त्याची क्लोरीनशी गाठ पडून जे तयार होतं ते डोळ्यांना झोंबतं. म्हणून आमच्याकडे आधी नळाखाली, मग तलावात. याला वशिला चालत नाही.

आमचं खरं काम सहा ते नऊ वर्षांच्या पोरांना उन्हाळी टीमसाठी तयार करणं. मेअखेरीला आजूबाजूच्या तालुक्यांतले दोन-चार वर्ग मिळून स्पर्धा घेतात, त्या टीमसाठी. पालकांना वाटतं, पोराला पोहता आलं की ते टीममध्ये. तसं नसतं. हर्णैची पोरं चालायला लागल्यापासून पाण्यात असतात, पण मान वर काढून हात मारतात. समुद्रात ते बरोबरच आहे, लाट बघावी लागते. तलावात मान वर राहिली की कंबर खाली जाते आणि पोर जागच्या जागी पाणी घुसळत बसतं. ती मान पाण्यात घालायलाच निम्मा महिना जातो. श्वास पाण्यात सोड, बाहेर घे. घरी बादलीत तोंड घालून बुडबुडे काढ, रोज वीस. आया म्हणतात, याचे पैसे घेता? हो, घेते.

हर्णैची एक मावशी २०१२ पासून माझ्याकडे येते. लिलावात मासळी घेते, दापोलीत विकते. तीन नातवंडं पुढ्यात उभी करून म्हणाली, "पोरं पवतात गो, पन सरळ नाय जात." टीमला काय हवं, ते या एका वाक्यात आलं. पहिल्या स्पर्धेत तिची नात ब्रेस्टस्ट्रोकमध्ये सगळ्यांच्या पुढे होती आणि बाद झाली, कारण भिंतीला एकच हात लावला. दोन्ही हात एकाच वेळी लागावे लागतात. मी कोपऱ्यात डोळे पुसत होते. मावशी नातीला म्हणाली, "दुसरा हात काय जाल्यात अडकला व्हता?" पुढच्या वर्षी पोरीने भिंतीला अशी थाप मारली की पंचाने दचकून पाहिलं. त्याच स्पर्धेत आमची चार पोरं २० मीटरला थांबून भिंत शोधत होती, तेही सांगते. तो तलाव २५ चा होता.

आता २०२०. मार्चमध्ये कुलूप लागलं. ३ जूनला निसर्ग वादळ आलं. आमच्या तीन माडांपैकी दोन आणि शेजारच्यांच्या दहा-बारा पोफळी तलावात पडल्या. पंपाच्या खोलीचे पत्रे कुठे गेले ते आजपर्यंत कळलं नाही. वीज कितीतरी आठवडे नव्हती. पाणी आठ दिवसांत हिरवं, पंधराव्या दिवशी काळं, वर बेडकांचं गाणं. पंचनाम्याला आलेल्यांकडे बागेचा रकाना होता, घराचा होता, तलावाचा नव्हता. माडांचे काय ते पैसे मिळाले.

भाऊ म्हणाला, डिझेल पंप लावून तलाव उपसू आणि साफ करू. मी नको म्हटलं. पण जोरात नाही म्हटलं, हेही खरं. जून सरत आला होता, जांभ्याची जमीन पाणी पिऊन फुगली होती. भरलेल्या तलावात जवळपास दोन लाख लिटर पाणी, म्हणजे दोनशे टनांचं वजन तळावर बसलेलं असतं. ते काढलं की खालचं पाणी तळाला वर ढकलतं. उपसून चार दिवस झाले आणि रात्रभर पाऊस कोसळला. सकाळी पाहिलं तर तळ मधोमध चार बोटं उचललेला, उथळ बाजूपासून खोल बाजूपर्यंत चीर, आणि चिरेतून गढूळ पाणी आत येत होतं. मी छत्री घेऊन काठावर उभी होते. भाऊ म्हणाला, "बांधकामच कच्चं होतं." तलाव बांधताना देखरेख त्याचीच होती.

कोकणात कोणी तलाव बांधत असेल तर ऐका: तळाखाली निचऱ्याचा पाइप आणि दाब सोडणारा व्हॉल्व्ह घालाच, आणि पावसाळ्यात तलाव कितीही घाण झाला तरी उपसू नका. कंत्राटदार म्हणेल गरज नाही. त्याला कॉफी पाजा आणि दुसरा बघा.

ऑगस्टमध्ये मासेमारी सुरू झाली आणि मावशी आली. तळाची चीर बघितली, काही बोलली नाही. कनवटीची पिशवी सोडून तीन पोरांची फी मोजली, शंभराच्या नोटा. म्हटलं, अगं, वर्गच नाही. म्हणाली, "पुढल्या साली येतील, तू धर." नोटांना बांगड्याचा वास होता. पुढचा उन्हाळाही कोरडाच गेला. त्या नोटा मी फोडल्या नाहीत; तळ फोडून नवा घातला तेव्हा पहिल्या सिमेंटला दिल्या.

एप्रिल २०२२ ला आम्ही उघडलो, आणि त्याच आठवड्यात एसटी स्टँडजवळ एका रिसॉर्टचा बॅनर लागला: १५ दिवसांत टीममध्ये प्रवेश. प्रशिक्षक म्हणून फोटो माझ्या भावाचा. जाण्याआधी मला सांगितलं नव्हतं. आमची अकरा पोरं तिकडे गेली. तिथे घसरगुंडी आहे, वडापाव मिळतो, आणि तलाव काजूच्या आकाराचा. काजूत लेन कुठून टाकणार? सरळ जायला जागा नाही, वळायला भिंत नाही. माझ्या २० मीटरला हसणाऱ्यांनी तो एकदा मोजावा. बॅनरवर चौघांना पदकं दाखवली होती, त्यातल्या तिघांचे पताकांचे आकडे माझ्या वहीत आहेत. मावशीचा थोरला नातू आता डिसेंबरात मालवणला चिवल्याच्या समुद्री स्पर्धेत उतरतो. त्याचा फोटो मी कुठे लावलेला नाही. लावायला हवा होता, असं आता वाटतं.

पालकांना एक सांगते. पोहण्याचा चष्मा घेताना पट्टा न लावता डोळ्यांवर दाबून बघा. क्षणभर आपोआप चिकटून राहिला तर घ्या. पाणी आत येतं म्हणून पट्टा आवळत सुटू नका. आणि पोराचे ओठ निळे पडले की बाहेर काढा, मे असला तरी. लहान अंग लवकर गार पडतं.

यंदा परीक्षा संपल्यावर भाऊ आला. सोबत मुलगी, सात वर्षांची. फाटकाशी उभा राहून म्हणाला, "हिला टीममध्ये घालायचंय." मी वही काढली. पोरगी म्हणाली, "आत्या, चष्मा दुखतो." कपाळावर वळ उठले होते. पट्टा दोन घरं सैल केला, तिला नळाखाली पाठवलं आणि पावती फाडली. फी पूर्ण घेतली.