लुआरच्या काठाने सायकलवर: आंब्वाझला दोन रात्री राहाच

फ्रान्समध्ये लुआर नदीकाठच्या ब्लुआ गावाहून आंब्वाझ चाळीसेक किलोमीटर. रस्ता बहुतेक सपाट, तरी पोचायला तीन वाजले. लुआरच्या खोऱ्यात वारा बहुधा पश्चिमेकडून येतो आणि आम्ही पश्चिमेलाच निघालो होतो. त्यात वाटेतल्या शोमों गावाच्या पुढे मागचं चाक पंक्चर. जमेल त्यांनी समुद्राकडून सुरुवात करून पूर्वेला या, म्हणजे वारा पाठीशी राहील.

पण पुलावर आलो आणि समोर किल्ला दिसला, तेव्हा पाय दुखायचे थांबले. नदीपासून चाळीसेक मीटर उंच, पांढऱ्या तुफो दगडाचा. हा दगड इतका मऊ की भिंतीवरून बोट फिरवलं तर पिठासारखी पूड लागते. गावामागच्या कड्यात तोच दगड कोरून केलेली घरं आहेत, खिडक्यांना पडदे, वर धुराडी!

आपल्याला गड म्हटला की पायऱ्या. इथल्या दोन मोठ्या बुरुजांच्या पोटात मात्र गोल गोल चढत जाणारा रुंद उतार आहे. घोडेस्वार आणि गाड्या नदीकाठावरून थेट वर अंगणात जायच्या. दिवसभर चढाचा हिशेब करणाऱ्या माणसाला तो उतार पायांनीच कळतो. किती हळू, किती समजून चढवलाय! हे बुरुज ज्याने उभारायला घेतले तो राजा आठवा शार्ल १४९८ मध्ये याच किल्ल्यात, बुटक्या दाराच्या चौकटीवर डोकं आपटल्यानंतर काही तासांत गेला.

लिओनार्दो दा विंची १५१६ मध्ये राजा पहिल्या फ्रांस्वाच्या बोलावण्यावरून इथे आला आणि २ मे १५१९ रोजी क्लो ल्युसेच्या घरात वारला. ते घर किल्ल्यापासून चालत दहा मिनिटांवर. किल्ल्याच्या चॅपेलमध्ये त्याची म्हणून जी समाधी आहे, तिथल्या अस्थी त्याच्याच असाव्यात असा समज आहे, खात्री नाही. तरीही तिथून लवकर पाय निघाला नाही.

एका दुपारीत हे उरकू नका. दुसऱ्या दिवशी सामान खोलीवर ठेवून रिकाम्या सायकलने शनोंसोचा किल्ला बघून या. गावाबाहेर पडताना चढ आहे, मग जंगलातून छान वाट. राहण्यासाठी 'आकय व्हेलो'ची (म्हणजे सायकलस्वारांचं स्वागत) पाटी असलेलं ठिकाण बघा, तिथे सायकल कुलपात ठेवायची सोय असते. आम्ही आधीच्या गावात हे न विचारता खोली घेतली आणि सायकली रात्रभर उघड्या गल्लीत राहिल्या, झोप लागली नाही. तंबू असेल तर नदीतल्या इल दोर बेटावर कॅम्पिंग आहे. संध्याकाळी किल्ला तिथूनच सगळ्यात सुंदर दिसतो. स्टेशन मात्र पलीकडच्या, उत्तर काठावर आहे, गाडी पकडायची तर बेटाच्या दोन्ही बाजूंचे पूल ओलांडायचा वेळ धरा.

दुपारचं जेवण बारा ते दोनमध्येच मिळतं, नंतर स्वयंपाकघरं बंद. शाकाहारी असाल तर रविवारी सकाळी नदीकाठच्या बाजारातून पाव, टोमॅटो आणि सँत-मोरचं बकरीच्या दुधाचं चीज घ्या. लांबट, राखेने माखलेलं असतं, मधोमध गवताची काडी. कापण्याआधी काडी ओढून काढा. बघा, त्या बारीक काडीवर बनवणाऱ्याची खूण कोरलेली असते.