चेक इंजिन लाईट लागली की कोड उडवायच्या आधी लिहून घ्या

गेल्या आठवड्यात सिग्नलला उभा होतो आणि डॅशबोर्डवर ती इंजिनाच्या चित्राची पिवळी लाईट लागली. गाडी पेट्रोलची, पिकअप नीट, ॲव्हरेजही नेहमीचंच, फक्त उभी असली की आरपीएमचा काटा जरा वरखाली व्हायचा.

पहिल्यांदा रंग बघायचा. लाल लागली, म्हणजे ऑइलची किटली किंवा टेम्परेचर, तर गाडी बाजूला घेऊन इंजिन तिथल्या तिथे बंद, घर दोन मिनिटांवर असलं तरी, कारण ऑइल प्रेशर नसताना इंजिन चालवलं तर बेअरिंगं जातात. पिवळी आणि स्थिर असेल तर सावकाश घरी या. पिवळीच पण लुकलुकत असेल तर मिसफायर होतंय, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाहीये, आणि ते न जळलेलं पेट्रोल पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवर धूर साफ करणाऱ्या डब्यात, जाऊन जळतं आणि तो तापून कायमचा जातो, म्हणून पाय हलका करा आणि जमेल तितक्या लवकर थांबा.

माझी स्थिर होती. स्टिअरिंगच्या खाली १६ पिनांचं ओबीडी सॉकेट असतं, गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायची जागा, तिथे स्कॅनर लावला, बिघाडाचा कोड आला पी०१७१, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी आणि हवा जास्त. मेकॅनिक फोनवरच म्हणाला ऑक्सिजन सेन्सर, म्हणजे धुरातला ऑक्सिजन मोजणारा, गेलाय, बदलून टाकू. मला हे पटतच नाही. सेन्सर बिचारा निरोप सांगतोय, आणि आपण त्यालाच काढून टाकतो. कोड म्हणजे लक्षण, ताप आल्यासारखं, कुठला पार्ट गेलाय ते त्यात लिहिलेलं नसतं.

मग फ्युएल ट्रिम बघितला, म्हणजे कॉम्प्युटर हिशोबापेक्षा किती टक्के पेट्रोल जास्त सोडतोय तो आकडा. आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, अधिक २२, आणि आरपीएम २५०० वर धरला की अधिक ६. इथेच खरं उत्तर मिळालं. कुठेतरी चोरून हवा शिरत असेल तर ते भोक तेवढंच राहतं, आयडलला इंजिन मुळात हवाच कमी ओढतं त्यामुळे त्या चोरट्या हवेचा वाटा मोठा पडतो, आणि आरपीएम वाढला की तो एकूण हवेत विरघळून जातो. पेट्रोलचा पंप किंवा फिल्टर कमजोर असता तर उलट झालं असतं, लोड आल्यावर आकडा आणखी वाढला असता.

बॉनेट उघडून कान लावला तर बारीक सुस्स आवाज. इनटेकला जाणारी जाड रबरी नळी, तिच्या वळणाच्या खालच्या बाजूला चीर, वरून बघितलं तर काहीच दिसत नाही, अंगठ्याने जरा वाकवली की तोंड उघडायची. त्यावर बोट दाबून धरलं आणि काटा जागच्या जागी थांबला! खरं सांगतो, त्या क्षणी जो आनंद झाला ना.

एक मात्र कळकळीने सांगतो, दुरुस्तीच्या आधी कोड उडवू नका. त्याच्यासोबत फ्रीझ फ्रेम पण पुसली जाते, म्हणजे लाईट लागली तेव्हाचा आरपीएम, लोड, इंजिनाचं तापमान, सगळं. शिवाय गाडी स्वतःच्या ज्या तपासण्या करत असते त्याही परत शून्यापासून सुरू होतात. मी आधी सगळ्याचे फोटो काढले, नळी बदलली आणि मगच कोड उडवला.

काल परत स्कॅनर लावून बघितलं, आयडलला अधिक ३.