पट्टी न बदललेले दशक

माझी आत्या गेली चाळीस वर्षे नाट्यगीतांच्या कार्यक्रमांना पेटीची साथ करते. सदाशिव पेठेतील तिच्या घरी 1998 च्या उन्हाळ्यात मी आयर्न मेडन या ब्रिटिश हेवी मेटल बँडच्या 'व्हर्च्युअल इलेव्हन' या अल्बमची नवी कॅसेट लावली होती. स्वयंपाकघरातून बाहेर येऊन तिने दोन-तीन मिनिटे लक्षपूर्वक ऐकले आणि विचारले, "अरे, याला ही पट्टी कुणी दिली? आवाज चांगला भरदार आहे, पण याचा जीव मध्य सप्तकात आहे. एवढा वर का ताणताहेत त्याला?" पट्टी म्हणजे गायक ज्या मूळ सुरावरून गातो तो सूर. मला तेव्हा उत्तर देता आले नाही. पुढे अनेक वर्षे या बँडचे नव्वदच्या दशकातील चार अल्बम पुन्हा पुन्हा ऐकल्यावर माझे असे ठाम मत झाले आहे की, त्या दशकाविषयी विचारण्यासारखा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न तोच होता.

हे दशक सांगण्याची एक रूढ रीत आहे. ब्रूस डिकिन्सन हा थोर गायक 1993 मध्ये बँड सोडून गेला, त्याच्या जागी ब्लेझ बेली आला, तो कमी पडला आणि 1999 मध्ये डिकिन्सन परतल्यावर सारे सुरळीत झाले. ही मांडणी सोयीची आहे, पण अल्बम क्रमाने ऐकले तर ती टिकत नाही, कारण घसरण बेली येण्याच्या तीन वर्षे आधीच सुरू झाली होती.

'नो प्रेयर फॉर द डाइंग' हा 1990 चा अल्बम हा त्याचा पुरावा आहे. त्याच्या आधीच्या, 1988 च्या अल्बममध्ये कीबोर्ड होते आणि सर्व गाण्यांमधून जाणारे एक कथासूत्र होते. त्यानंतर बँडचा संस्थापक आणि बेसवादक स्टीव्ह हॅरिस याला पुन्हा साधे, रांगडे काहीतरी करावेसे वाटले. इंग्लंडमधील एसेक्स परगण्यातील त्याच्या घराच्या आवारात, धान्याच्या कोठारात, फिरता स्टुडिओ आणून ध्वनिमुद्रण झाले. गिटारवादक एड्रियन स्मिथ याला ही दिशा पटली नाही आणि तो बाहेर पडला. त्याच्या जागी जॅनिक गर्स आला. माझ्या मते या दशकातील सर्वांत मोठी हानी हीच होती. स्मिथ हा केवळ वादक नव्हता. 'टू मिनिट्स टु मिडनाइट' आणि 'वेस्टेड इयर्स' यांसारखी, ऐकताक्षणी मनात बसणारी गाणी त्याच्या हातून आली होती, आणि हॅरिसच्या लांबलचक रचनांना तोल देणारा बँडमधील माणूस तोच होता. 'नो प्रेयर' या अल्बमवर डिकिन्सनसारखा गायक असूनही आवाज मुद्दाम खरडल्यासारखा लावलेला आहे, एकही गाणे सहा मिनिटांपर्यंत पोहोचत नाही, आणि दहा गाण्यांपैकी दोन-तीनच दुसऱ्या दिवशी आठवतात. तरीही याच अल्बममधील एक गाणे जानेवारी 1991 मध्ये ब्रिटनच्या एकेरी गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले, आणि बँडला तो मान त्यानंतर पुन्हा मिळालेला नाही. ते गाणे चांगले नाही, एवढेच मी त्याबद्दल म्हणेन.

'फिअर ऑफ द डार्क' (1992) याविषयी पुण्यात बोलणे म्हणजे आमच्या पिढीच्या गॅदरिंगविषयी बोलणे आहे. कॉलेजच्या मांडवात गिटार गळ्यात अडकवून उभ्या राहिलेल्या कोणत्याही मुलाने या शीर्षकगीताची सुरुवातीची धून छेडली की, इंग्रजी गाणी कधीही न ऐकणारी मुलेसुद्धा ती गुणगुणू लागत, कारण त्या धुनेला शब्दांची गरजच नाही. मी हा अल्बम कॅम्पातील एका दुकानातून कॅसेटवर घेतला आणि एका बाजूची फीत खेचली जाईपर्यंत वाजवला. आज मात्र प्रामाणिकपणे सांगायचे तर बारा गाण्यांचा हा अल्बम अतिशय विषम आहे. 'बी क्विक ऑर बी डेड' हे तुफान वेगाचे सलामीचे गाणे, आखाती युद्धाच्या छायेतील 'अफ्रेड टु शूट स्ट्रेंजर्स' आणि शेवटचे शीर्षकगीत यांच्यामध्ये अशी सहा-सात गाणी पसरलेली आहेत की ज्यांच्याविना अल्बम अधिक सरस झाला असता. 'अफ्रेड टु शूट स्ट्रेंजर्स'मधील मधली गिटारची ओळ मला शीर्षकगीताहूनही अधिक प्रिय आहे. ठाय लयीत सुरू होणारे ते गाणे जेव्हा शब्द सोडून केवळ सुरांवर उभे राहते, तेव्हा युद्धापूर्वीच्या रात्रीची घालमेल व्याख्यानाविना कळते. बँडचा जुना निर्माता मार्टिन बर्च याचे हे शेवटचे काम होते, आणि त्याच्या निवृत्तीनंतर हॅरिसला 'हे गाणे काप' असे सांगणारा कोणी उरला नाही, हे पुढच्या दोन्ही अल्बममध्ये ऐकू येते.

आता बेलीकडे वळतो. संगीत नाटकात एखादे पद एका नटाच्या गळ्यात काळी दोनमध्ये, म्हणजे पेटीच्या दुसऱ्या काळ्या स्वराच्या पट्टीत, बसलेले असेल आणि त्याच्या जागी दुसरा नट उभा राहिला, तर पेटीवाला तालमीच्या पहिल्याच दिवशी त्याची पट्टी विचारतो. ही सौजन्याची नव्हे, संगीताच्या व्याकरणाची बाब आहे. डिकिन्सनचा गळा तार सप्तकात मोकळा होतो, तर बेलीचा गळा खाली, दाट आणि काळसर आहे. असे असताना गिटारच्या तारा पूर्वीच्याच सुरांत जुळवलेल्या राहिल्या, आणि मैफलींतून डिकिन्सनची जुनी गाणीही बेलीला मूळ पट्टीतच गावी लागली. तो त्या दौऱ्यांत अनेकदा बेसूर झाला हे खरे आहे, आणि आवाजाच्या तक्रारींमुळे काही कार्यक्रम रद्द झाले हेही खरे आहे. परंतु त्याचा दोष ज्याने पट्टी ठरवली त्याच्याकडे आधी जातो.

या पार्श्वभूमीवर 1995 चा 'द एक्स फॅक्टर' ऐकावा. हा त्यांचा दहावा स्टुडिओ अल्बम, म्हणून नावात रोमन दहाचे चिन्ह. सत्तर मिनिटांहून अधिक लांबीचा हा अल्बम हॅरिसच्या घटस्फोटाच्या काळात तयार झाला, आणि तो आयर्न मेडनचा सर्वांत उदास अल्बम आहे, असे मी निःशंकपणे म्हणतो. पहिलेच गाणे 'साइन ऑफ द क्रॉस' अकरा मिनिटांचे आहे. मठातील सामूहिक प्रार्थनेसारखे स्वर, मग दबक्या पावलांनी येणारा बेस, आणि त्यावर बेलीचा जवळजवळ कुजबुजणारा आवाज. येथे त्याला वर जाण्याची घाई नाही, आणि म्हणूनच येथे तो पूर्णपणे खरा वाटतो. 'फॉर्च्युन्स ऑफ वॉर'मधील परतलेला सैनिक, 'टू एएम'मधील रात्री एकटाच बसलेला माणूस, यांच्या तोंडी डिकिन्सनचा विजयी, झेंडा फडकावणारा आवाज मी कल्पूच शकत नाही. बेलीने गर्ससह लिहिलेले 'मॅन ऑन द एज' हे एक वेगवान गाणे सोडले, तर अल्बम संथ आहे, निर्मिती कोरडी आहे, आणि संथ सुरुवात, मध्ये वेग, शेवटी पुन्हा संथपणा हा एकच साचा पाच-सहा गाण्यांत येतो. हे दोष मला मान्य आहेत. ब्रिटनमध्ये आधीचे दोन अल्बम दुसऱ्या आणि पहिल्या क्रमांकावर गेले होते, हा आठव्यावर थांबला. तरीही चारांपैकी एकच ठेवायचा असेल तर मी हाच ठेवीन, कारण येथे गायकाचा स्वभाव आणि गाण्यांचा स्वभाव एक आहे. पुण्यातील पावसाळ्यात, मुठेला पाणी सोडल्यावर भिडे पूल बंद होतो त्या दिवसांत, मी तो दरवर्षी किमान एकदा सलग ऐकतो.

आत्याने ऐकलेला 'व्हर्च्युअल इलेव्हन' (1998) या मेळाची पुन्हा मोडतोड करतो. अकरावा अल्बम आणि त्या वर्षीचा फुटबॉलचा विश्वचषक, असा नावातील अकराचा दुहेरी अर्थ आहे. गाणी आठच आहेत, परंतु 'द एंजल अँड द गॅम्बलर' या जवळजवळ दहा मिनिटांच्या गाण्यात एकच ओळ इतक्या वेळा येते की पाठांतराचा तास वाटावा. ब्रिटनमध्ये हा अल्बम सोळाव्या क्रमांकापर्यंतच पोहोचला. पण याच अल्बमवर 'द क्लॅन्समन' आहे, स्कॉटलंडच्या स्वातंत्र्यलढ्यावरचे, हॅरिसच्या उत्तम रचनांपैकी एक. आणि बेलीला वरच्या पट्टीत ताणले जाते ते नेमके येथेच. उलट, शेवटचे 'कोमो एस्ताइस अमिगोस' हे 1982 च्या फॉकलंड युद्धाविषयीचे, गर्स आणि बेली यांनी लिहिलेले गाणे त्याच्या गळ्यात अलगद उतरते. स्वतः लिहिताना त्याला आपली पट्टी ठाऊक होती.

त्याच वर्षी डिकिन्सनने एड्रियन स्मिथला सोबत घेऊन 'द केमिकल वेडिंग' हा स्वतंत्र अल्बम काढला, आणि त्यावरील गिटारी खर्जात उतरलेल्या, जड आहेत. उंच आवाजाच्या गायकाला खाली उतरलेली साथ मिळाली आणि खालच्या आवाजाच्या गायकाला उंच. हे दोन अल्बम पाठोपाठ ऐकले की मला आजही हळहळ वाटते. पुढे 1999 मध्ये डिकिन्सन आणि स्मिथ दोघेही बँडमध्ये परतले, गिटारवादक तीन झाले, निर्माता केव्हिन शर्ली आला, ध्वनिमुद्रण एसेक्सच्या कोठाराऐवजी पॅरिसमध्ये झाले, आणि 2000 चा 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' उत्तम निघाला. त्यातील पहिलेच गाणे, 'द विकर मॅन', लिहिण्यात स्मिथचा हात आहे, आणि तो पहिल्या दहा सेकंदांत ओळखू येतो.

1 फेब्रुवारी 2008 रोजी त्यांच्या जगदौऱ्याचा पहिला कार्यक्रम मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलात झाला, तेव्हा आम्ही सहा जण पुण्याहून द्रुतगती मार्गाने गेलो होतो. तो दौरा ऐंशीच्या दशकाचे स्मरण म्हणून आखलेला होता, त्यामुळे नव्वदच्या दशकातील एकच गाणे वाजले, 'फिअर ऑफ द डार्क', आणि त्या धुनेवर सारे मैदान गायले. बेलीच्या दोन अल्बममधील एक ओळही त्या रात्री ऐकू आली नाही.

त्यांतील दोन गाणी डिकिन्सनच्या आवाजात ऐकायची असतील तर जानेवारी 2001 च्या रिओ येथील मैफलीचे ध्वनिमुद्रण आहे. त्यात 'द क्लॅन्समन' अखेर आपल्या पट्टीत पोहोचते; मूळ गाणे मी आता क्वचितच लावतो. 'साइन ऑफ द क्रॉस'ही डिकिन्सन तेथे अप्रतिम गातो, समोरचा अफाट जमाव त्याच्या हाती असतो. गेल्या महिन्यात मी आत्याला या गाण्याची दोन्ही रूपे ऐकवली. रिओचे ऐकून तिने मान डोलावली. नंतर बेलीचे सुरू झाले, तो खाली, खर्जाजवळ पहिले शब्द म्हणू लागला, आणि तिने हात वर करून मला बोलू नकोस अशी खूण केली.